भर पावसात अंगणात अकरा जण

मोठी माय,

तुला नेलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभी होते. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. तुला मखरात बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात इष्टलिंग. मखर वळलं तेव्हा तुझा चेहरा नेमका माझ्याकडे आला आणि मला क्षणभर खरंच वाटलं, आता ही मान फिरवणार. वर्षभर तू तेच करत होतीस. मी दारातून आत आले की तुझी मान भिंतीकडे. त्या दिवशी तुला फिरवता आली नाही. एवढं एकदाच तू माझ्याकडे नीट बघितलंस.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो किती मायाळू होता ते लिहायचं असतं, असं वाटतं. मला ते जमणार नाही. तू मायाळू होतीस, पण माझ्याशी शेवटी दुष्ट वागलीस, आणि त्याआधी मी तुझ्याशी. आपलं भांडण अर्धंच राहिलं. आता मी एकटीच बोलणार आणि तू ऐकून घेणार, हेही काही न्यायाचं नाही. पण गेल्या सोमवारी अंगणात जे झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि दुसरं कुणी सांगणार नाही.

आधी तुळईचं सांगते. तुला माहीत आहे, पण मला ते क्रमाने लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्या अंगणात एक जळकट रंगाची सागवानी तुळई उभी रोवलेली आहे. जुन्या माळवदाची, मातीच्या छताची. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी तिला धुवायचं, भस्म लावायचं, आणि जेवण होईपर्यंत घरातल्या कुणीही छताखाली जायचं नाही. पाऊस असला तरी पोती डोक्यावर घेऊन बाहेरच बसायचं. भाकरी आदल्या दिवशीच्या. आणि घरातली थोरली बाई लेकरांना गोष्ट सांगणार. मला कळायला लागल्यापासून ती थोरली बाई तू होतीस.

"आठ दिस पाऊस लागला होता," तू सुरुवात करायचीस. "माळवदाची माती भिजून भिजून जड झाली होती. घरात अकरा माणसं. मी नवी सून, अंगणात होते. आन् देवानं मला हाक मारली. मी वरडले. माझं वरडणं आयकून सगळी भाईर आली. शेवटचं माणूस भाईर आलं आन् माळवद बसलं."

"मंग कोण कोण वाचलं?" आम्ही विचारायचो. तसं विचारायचंच असतं. तू एकेक नाव घ्यायचीस. आज्जापासून, म्हणजे तुझ्या सासऱ्यापासून, सुरू करून स्वतःपर्यंत अकरा. आणि मग तुझ्या मुलाकडे, बसू दादाकडे हात करून, "आन् बारावा हा. पोटात होता. ह्याला बी वाचवलं."

दादा बेचाळीस वर्षांचा झाला, किराणा दुकान चालवतो, गावात त्याला मान आहे. पण त्या वाक्याला त्याचा चेहरा दरवर्षी लहान मुलासारखा व्हायचा. तू त्याच्यासाठीच ते वाक्य शेवटी ठेवायचीस, हे मला फार उशिरा कळलं.

त्या तुळईने मलाही दिलं आहे, ते आधी कबूल करते. बारावीनंतर परभणीच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. कोणता फॉर्म, कुठल्या खिडकीत, काहीच नाही. बाबा चुडावा स्टेशनपर्यंत यायला तयार, पुढे यायला घाबरत होते. मी सकाळपासून रडत होते. तू मला ओढत तुळईजवळ नेलंस, तिच्यावरचं भस्म अंगठ्याने पुसून माझ्या कपाळाला लावलंस आणि म्हणालीस, "अकरा जणांला काढलं त्येनं. तुला एकटीला काढायला कितीसा येळ लागतो? जा. गाडी सुटंल."

मी गेले. गाडीत बसून परभणीपर्यंत कपाळाला हात लावून बघत होते, भस्म आहे की गेलं. मोठी माय, मी तेव्हा खरंच मानलं होतं. एकदा वाचवलंय म्हणजे पुन्हा वाचवेल. त्या लाकडाकडे बघून हे इतकं सरळ समजायचं की कुणाला शिकवावं लागायचं नाही.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. आपल्या गावातल्या एखाद्या स्मारकाची माहिती. कुणी किल्ल्याचं लिहिलं, कुणी बारवेचं. मी आपल्या तुळईचं घेतलं. सरांनी सांगितलं होतं, लोकांना उलटे प्रश्न विचारा, नुसतं ऐकून लिहू नका. मी वही घेऊन तुझ्याजवळ बसले. तू अंबाडीची भाजी निवडत होतीस.

"मोठी माय, पाऊस चालू होता ना?"

"धो धो."

"मग तू अंगणात काय करत होतीस?"

"होते आपली."

"नवी सून. आठ दिवसांचा पाऊस. दुपारची वेळ. आणि ओरडलीस म्हणून सगळे बाहेर आले, ते पाऊस बघून परत आत नाही गेले? अकराच्या अकरा जण पावसात उभे राहिले? का?"

तू भाजीकडे बघत म्हणालीस, "कालेजात हेच शिकवायलेत का?"

"सांग ना."

"मार खाताना माणसं बघायला येत्यात की. पावसाचं काय एवढं."

तू हे इतक्या सहज बोललीस की मी आधी लिहूनच घेतलं. मग हात थांबला.

तू सगळं सांगितलंस. निंदणीला गेली असताना गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटला. दिवसभर चिखलात शोधलंस. लिंग हरवलं की जंगमाकडून दुसरं घेईपर्यंत तोंडात पाणीही घालायचं नाही, हे तुला माहेरापासून माहीत होतं. पण तू सांगितलं नाहीस. पदर गच्च लपेटून दोन दिवस काढलेस. आणि जेवलीस.

"कामून जेवलीस?" मी विचारलं.

"भूक लागली होती." मग एक देठ मोडून, "सहावा लागला होता मला. तुला काय कळायलंय."

तिसऱ्या दिवशी सासूला कळलं. लिंग हरवलं याचा राग कमी होता. हरवून जेवली, याचा जास्त. आज्जाने तुला केसाला धरून अंगणात काढलं. आणि घरातली सगळी माणसं, चुलत सासू-सासरे, नणंदा, तुझा नवरा, लेकरं, बघायला बाहेर आली. तुला धरून अकरा जण. तू ओरडत होतीस. मागची भिंत सुटली आणि माळवद खाली बसलं.

चार दिवसांनी गावाने विचारलं, भर पावसात सगळे बाहेर कसे? आज्जाला लाज वाटली असावी. त्यानेच सांगितलं की थोरल्या सुनेला देवाची हाक ऐकू आली. त्यानेच ढिगाऱ्यातली तुळई काढून रोवली.

"म्हणजे हे सगळं खोटं आहे," मी म्हणाले.

"कामून खोटं? मेलं का कुणी?"

"हाक नव्हती ती. तुझी बोंब होती."

"माझ्याच बोंबेतून मारली आसंल. त्याला कुठं तोंड हाय?"

"आणि आज्जाने खोटं सांगितलं ते?"

तू तेव्हा भाजीचं सूप बाजूला ठेवलंस. "त्येनं खोटं सांगितलं," म्हणालीस, "खरं मी केलं. चाळीस वर्षं. आता वही मीट."

मी वही मिटली नाही. प्रकल्पात सगळं लिहिलं. वर्गात वाचून दाखवलं. सरांनी उभं राहून शाबासकी दिली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्या तुझ्या माराच्या होत्या. मला त्या दिवशी तसं वाटलं नाही. मला वाटलं, मी तुला न्याय दिला.

गेल्या वर्षीच्या तुळईच्या दिवशी तू गोष्ट सांगत होतीस. "देवानं मला हाक मारली," म्हणालीस, आणि मी मध्येच उठले. काय बोलले ते मला शब्दशः आठवतं, पण पुन्हा लिहवत नाही. एवढंच लिहिते की लेकरांसमोर बोलले, आणि दादाकडे बघून बोलले, की तू पोटात होतास आणि आज्जा तिला लाथ मारत होता, तेव्हा वाचवलं म्हणतात ते याला. ती लाथ मी माझ्या मनाने घातली. तू मला लाथेचं काही बोलली नव्हतीस.

दादाने तुझ्याकडे बघितलं. "आई, खरं हाय का?"

"न्हाई," तू म्हणालीस. "हिचं डोकं फिरलंय. शिकायला पाठवलं आन् राख घेऊन आली."

पण तुझा आवाज फाटला. दादाने ते ऐकलं. त्या वर्षी बारावं नाव कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी तू मला गोठ्यात गाठलंस. मी वाट बघत होते की तू रडशील, किंवा मला जवळ घेशील. मला अजून वाटत होतं की मी बरोबर आहे. तू म्हणालीस, "ह्या घरात माझी एकच गोष्ट सांगत्यात. तिच्यात मला देव हाक मारतो. तू मला मार खाणारी करून ठेवलीस."

"पण तू खरंच..."

"खरंच काय? पाठ माझी, मला ठाव न्हाई व्हय? बसूला मी काय दिलं? शेत दिलं, सोनं दिलं? एवढंच दिलं होतं, की तू जन्माच्या आधीच देवानं तुला निवडून काढलं. ते बी घेतलंस. आता माझ्या हातचं खाऊ नको."

त्यानंतर तू खरंच वाढलं नाहीस. पंगतीत माझ्या ताटापुढून पातेलं घेऊन सरळ पुढे जायचीस. "आल्या बाईसाहेब," म्हणायचीस, "ह्यांला काय वाढावं, ह्या तर नुसतं खरं खात्यात." बाया हसायच्या. मीही एकदा हसले, मग जेवणावरून उठले. मी सुट्टीला यायचं कमी केलं. तू आजारी पडलीस तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आले, तर तू वहिनीला म्हणालीस, "हिच्या हातचं नको. हिला सांग, जाऊन वहीत लिही, म्हातारी तहानेनं मेली." तेवढ्यातही तुला टोमणा सुचला. मी बाहेर येऊन तो तांब्या तुळशीत ओतला आणि खूप वेळ तिथे बसले.

मला वाटत होतं, अजून वेळ आहे. माफी मागायचे शब्द मी जुळवत होते. मला पटकन बोलता येत नाही, तुला माहीत आहे. बोलायचं नव्हतं तेव्हा मात्र आलं. मी परभणीत परीक्षा देत होते आणि तू श्रावणात गेलीस.

आता गेल्या सोमवारचं.

पोळा झाल्यावर दादा आमच्या वेगळ्या घरी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही. बाबा समोर बाजेवर होते. तो आईला म्हणाला, "काकू, आता थोरल्या तुमी. गोष्ट तुमीच सांगायची." आई घाबरली. "मला न्हाई जमायचं बाबा. मी तर नंतर आले ह्या घरात." मग दादा माझ्याकडे वळला.

"मग ही सांगंल. जशी आई सांगायची तशी. आन् शेवटाला म्हणंल, गेल्या वर्षी मी खोटं बोलले."

मी उठायला लागले. त्याने थांबवलं.

"आई मरेपर्यंत न्हाई म्हणली, कांते. शेवटच्या दिवशी बी मी इचारलं. म्हणली, लेकरा, तुला देवानं वाचवलं. आता मला एक सांग, आईचं आयकू का तुझं?"

मी बाबांकडे बघितलं. त्या अकरांतले बाकीचे वारले, किंवा तेव्हा इतके लहान होते की त्यांना काही आठवत नाही. बघितलेलं आणि आठवणारं माणूस तुझ्यामागे एकच उरलं होतं. बाबा, तुझे धाकटे दीर, तेव्हा सोळा वर्षांचे होते. गेल्या वर्षीही ते काही बोलले नव्हते. आताही बाजेची दोरी चाचपत बसले.

"न्हाई म्हणणार असशील," दादा म्हणाला, "तर परत त्या अंगणात पाय ठेवू नको."

चार दिवस मी विचार केला. अंगणाच्या भीतीने नव्हे, हे तू मानशील का माहीत नाही. तुझं खरं काय होतं, ते मला ठरवता येत नव्हतं. जे झालं ते एक, आणि तू चाळीस वर्षं त्याचं जे केलंस ते दुसरं. मी खोटं बोलले असं म्हटलं तर तुझ्या पाठीवरचा मार पुसला जाणार होता. नाही म्हटलं तर दादाला पुन्हा कधी काही मिळणार नव्हतं, आणि तुझं शेवटचं वाक्य खोटं ठरणार होतं. शेवटी मी ठरवलं, तुझं ऐकायचं. जिवंतपणी ऐकलं नाही, निदान आता.

सोमवारी पाऊस नव्हता. उकडत होतं. मी तुळई धुतली. लेकरं बसली. मी तुझ्यासारखीच सुरुवात केली. आठ दिवसांचा पाऊस, भिजलेली माती, अंगणात नवी सून. "आणि देवाने तिला हाक मारली," मी म्हणाले, आणि मोठी माय, माझा आवाज लागला. लेकरं तोंडं उघडी ठेवून ऐकत होती. वहिनी डोळे पुसत होती. मी अकरा नावं घेतली. मग दादाकडे हात केला आणि बारावं घेतलं. त्याने खाली बघितलं.

"आणि गेल्या वर्षी मी खोटं बोलले होते," मी म्हणाले.

वाटलं होतं तितकं ते जड गेलं नाही. सगळे सैल झाले. आई भाकऱ्यांची टोपली उघडायला उठली. तेवढ्यात दादाची गिरिजा, नऊ वर्षांची, तुझ्यासारखीच नाकाची, म्हणाली, "कांता आत्या, पण देव काय म्हणला?"

"म्हणजे?"

"हाक मारली ना आज्जीला. मंग काय म्हणला? नाव घेतलं का नुसतंच ए म्हणला?"

हे तुला आम्ही कधीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "बाहेर या, असं म्हणाला असेल."

"न्हाई," बाबा म्हणाले.

बाबा कधी बोलत नाहीत, त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही की आवाज कुणाचा. ते सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसले होते.

"पोरगी गेल्या वर्षी खोटं बोलली न्हाई. आज बोलायली."

"काका," दादा म्हणाला, "जेवा आता."

"आयकून घे, बसू. मग जेवतो." ते उठले नाहीत. जमिनीकडे बघत बोलत होते. "हातानं मारून दमला म्हातारा. मला म्हणला, आतून कासरा आण. मी घरात गेलो. खुंटीवर होता कासरा. तो काढला आन् भाईर आलो. शेवटचा भाईर आलेला माणूस मीच. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तर वैनी माझ्याकडं बघायली. चिखलात बसली होती, पोट धरून. मला म्हणली, भावजी, देऊ नका." त्यांनी गिरिजाकडे बघितलं. "आशी हाक होती, बाई. मी आयकली. आन् दिला कासरा."

गिरिजाने विचारलं, "मंग मारलं?" बाबांनी मान हलवली. "चार-पाच बसले. मग माळवद गेलं."

टोपली उघडीच राहिली. तुळईला भस्म लावायचं राहून गेलं, आणि लावा असं कुणी म्हणालं नाही. दादा किती वेळ बाबांकडे बघत होता, आणि बाबा जमिनीकडे. मला मात्र तू दिसत होतीस, सूप मांडीवर घेऊन बसलेली, मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देणारी. दोरा कुठे तुटला ते सांगितलंस. कोण कोण बघायला आलं ते सांगितलंस. कासऱ्याचं नाव काढलं नाहीस, कारण वही घेऊन पुढ्यात बसलेली पोरगी बाबांची होती. भर अंगणात मी तुला उघडं पाडलं तेव्हाही काढलं नाहीस. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. वर्षभर मला उपाशी उठवलंस, पण ते वाक्य बोलली नाहीस.

आणि मी वर्षभर कॉलेजात सांगत फिरले, की मोठ्या मायने मला सगळं सांगितलं.